गिधाडाला जेवायला बोलावू नये

आमची शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणते, मी सांगितलेल्या प्रत्येक आकड्यातून अर्धं काढावं आणि उरलेलं शेजारी जाऊन विचारून घ्यावं. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी प्राणिसंग्रहालयात अडतीस वर्षं नोकरी केली. अर्धं काढलं तर एकोणीस होतात. पण निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी माईकवर अडतीसच वाचून दाखवली, आणि साहेब माझ्यासारखे नाहीत. त्यांना कागदाबाहेरचं एक अक्षर बोलता येत नाही.

संग्रहालयाचं नाव लिहीत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधे कुठंतरी आहे, एवढं पुरे. मे महिन्यात तिथं असं तापतं, की आमची मगर पाणी सोडून सावलीला येऊन माझ्या शेजारी बसायची. दोघं गप्पा मारायचो. (अर्धं काढा. मधे जाळी होती आणि बोलत मी एकटाच होतो.)

हुद्दा प्राणिरक्षक. लोकांना वाटतं हा माणूस वाघाच्या पाठीवरून हात फिरवत असेल. वाघाला हात लावायला मला अडतीस वर्षांत एकदाच मिळालं, तेही तो बेशुद्ध असताना. आमचं खरं काम सकाळी सहाला सुरू होतं, आणि ते म्हणजे विष्ठा बघणं. रात्री टाकलेल्यातलं किती खाल्लं, किती उरलं, आणि जे बाहेर आलं ते कसं आहे. जनावराची तब्येत तोंडावर दिसत नाही, मागच्या बाजूला दिसते. माणसांचंही तसंच असावं, पण माणसं तेवढं बघू देत नाहीत.

गिऱ्हाइकं मात्र एकेक. असोद्याचे एक नाना दर दोन महिन्यांनी मोटारसायकलवर केळीचा अख्खा घड बांधून आणायचे. वाघासाठी.

"नाना, वाघ केळी खात नाही."

"खाऊन पाह्यली का त्यानं कधी?"

"नाही."

"मंग त्याले कसं माहीत?"

घड माकडांना जायचा. नाना मात्र मरेपर्यंत गावात सांगत होते, की तो वाघ आपल्या केळीवर पोसला.

तर असं आमचं चाललं होतं. लोकांनी यायचं, जनावरानं दिसायचं, आणि जनावर झोपलं असेल तर लोकांनी आम्हाला शिव्या घालायच्या. प्राणिसंग्रहालय म्हणजे काय, हे मला अगदी स्वच्छ कळलेलं होतं. मग गिधाडं आली आणि माझा जो गोंधळ सुरू झाला, तो आज हे लिहिताना पण संपलेला नाही.

झालं असं, की दिल्लीहून परवानगी आली आणि संग्रहालयाचा मागचा अर्धा भाग उंच पत्रे लावून बंद केला. आत गिधाडांचं प्रजनन केंद्र. म्हणजे गिधाडांच्या जोड्या आणायच्या, त्यांना अंडी घालू द्यायची, पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की डोंगरात सोडून द्यायची. कारण बाहेर गिधाडं उरलीच नव्हती. माझ्या लहानपणी धुळ्याकडच्या आमच्या गावात ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे, आणि अर्ध्या तासात गिधाडांनी आभाळ असं भरायचं की बाया वाळवण उचलून घ्यायच्या. शोभा म्हणते हेही अर्धं करा. ठीक आहे, बाया अर्धंच वाळवण उचलायच्या. पण मग ढोरांच्या दुखण्यावरचं एक औषध आलं, डायक्लोफेनॅक नावाचं. सूज उतरायची, ढोर उभं राहायचं. ते औषध अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं जायची. एका ढोराभोवती पंगतच्या पंगत मरायची. माझ्या बापानं आमच्या ढवळ्या बैलाला ते औषध किती प्रेमानं दिलं होतं, ते मला आठवतं. कुणाचंच वाईट करायचं नव्हतं. आमच्या धंद्यात सगळी वाटोळी अशीच झालेली आहेत, प्रेमानं.

केंद्राच्या प्रमुख म्हणून केतकी मॅडम आल्या. पुण्याच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, जनावरांच्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "दगाभाऊ, इथं एकही प्रेक्षक येणार नाही. आणि आपणही पक्ष्यांना जितके कमी दिसू तितकं चांगलं."

"मग प्राणिसंग्रहालय कशाला म्हणायचं मॅडम?"

"तोच तर प्रश्न आहे," म्हणाल्या आणि फाइल उघडून बसल्या.

तीस वर्षं मी माणसांना जनावर दाखवलं. आता जनावराला माणूस दिसू नये म्हणून पगार मिळणार होता.

पहिली फजिती जोडीची. लांब चोचीच्या गिधाडांची एक जोडी दुसऱ्या राज्यातून आली. कागदावर एक नर, एक मादी. काय संसार होता दोघांचा. शेजारी शेजारी बसायची, एकमेकांची मान साफ करायची. मी त्यांना घरट्यासाठी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्या टाकायचो, दोघंही काड्या उचलून फळीवर रचायची. पहिल्या वर्षी अंडं नाही. दुसऱ्या वर्षी नाही. मी मॅडमना सांगितलं, लाजत असतील. तिसऱ्या वर्षी मॅडमनी दोघांचं एकेक पीस तपासायला पाठवलं. गिधाडात नर आणि मादी बाहेरून सारखेच दिसतात, डोळ्यांनी कळत नाही. निकाल आला: दोघंही नर.

तीन वर्षं मी रोज सकाळी त्यातल्या एकाला "वहिनी" म्हणत होतो. त्यानं कधी मनाला लावून घेतलं नाही.

मग एक खरी मादी आली, जोडी बसली, आणि नोव्हेंबरात अंडं आलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. आळीपाळीनं दोघं त्यावर बसतात, पावणेदोन महिने. आमच्या पत्र्यांपासून थोड्याच अंतरावर एक लग्नाचं लॉन होतं. लग्नसराई सुरू झाली, डीजे लागला, आणि त्याच्या ठोक्यावर आमचे पत्रे नाचायला लागले. मादी उठली ती परत अंड्यावर बसेना. नर एकटा किती बसणार. शेवटी मॅडमनी अंडं काढून उबवायच्या यंत्रात ठेवलं आणि तीन रात्री खुर्चीत काढल्या. पिल्लू बाहेर आलं तेव्हा माझ्या मुठीत मावेल एवढं होतं आणि दिसायला इतकं कुरूप, की मला ते आमच्याच घराण्यातलं वाटलं.

पिल्लाला नाव नाही. नाव ठेवायचं नाही असा नियम. आकडा: अकरा.

आता इथून पुढं माझा गुन्हा आहे, म्हणून नीट वाचा.

पाखराचं पिल्लू डोळे उघडून ज्याला बघतं, ज्याचा आवाज ऐकतं, त्याला आपली जात समजतं. हातावर वाढलेलं गिधाड माणसाला गिधाड समजतं. मग ते मोठं झालं तरी डोंगरात सोडता येत नाही. ते माणसांमागं येतं, आणि माणसांमागं आलेलं पाखरू कुत्र्याच्या, तारेच्या नाहीतर दगडाच्या तोंडी जातं. म्हणून अकराच्या खोलीला पडदा होता. पडद्याला भोक. भोकातून हात घालायचा, हातात गिधाडाच्या डोक्यासारखा कापडी मोजा, आणि त्याच्या चोचीतून बोकडाच्या मटणाचे बारीक तुकडे द्यायचे. तोंडातून शब्द काढायचा नाही. खोकायचंसुद्धा नाही.

"दगाभाऊ, जमेल ना?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, तोंड घरी ठेवून येत जाईन."

घरी हे सांगितलं तर शोभा म्हणाली, "तुमचं तोंड घरी ठेवाल, तर मीच डबा घेऊन तिकडं राहाले जाईल."

आणि जमलं. खरंच सांगतो, जमलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मी अडतीस वर्षांत जेवढा गप्प नव्हतो तेवढा त्या तीन महिन्यांत होतो. रस्त्यात लोक विचारायला लागले, दगाभाऊ, बरं नाही का. पण मग एप्रिल लागला. साऱ्या संग्रहालयात कूलर एकाच ठिकाणी होता, पिल्लाच्या खोलीत. त्याची गार हवा खोलीच्या मागच्या अरुंद बोळात यायची, जिथून मी हात घालायचो. बाहेर पत्र्यांवर भाकरी भाजली असती. मी दुपारचा डबा त्या बोळात बसून खायला लागलो.

आता आमच्याकडची एक रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. खानदेशात समोर कोणी बसलेलं असताना "जेवाले चाल" म्हटल्याशिवाय डब्याचं झाकण निघत नाही. समोरचा जेवून आलेला असो, कोर्टात तुमच्या विरुद्ध उभा असो, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी असो. तुम्ही विचारायचं, त्यानं "घ्या घ्या, आताच झालं" म्हणायचं, आणि मग घास तोडायचा. हे शिकवावं लागत नाही. न विचारता खाल्लं तर घास खाली उतरत नाही, मधेच कुठंतरी बसून राहतो.

त्या बोळात पहिल्या दिवशी मी डबा उघडायला हात घातला. पडद्यापलीकडे कोणीतरी बसलेलं होतं. माझ्या तोंडातून गेलं, "चाल रे भाऊ, जेवाले. कळनानी भाकर शे, ठेचा शे." (कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, शे म्हणजे आहे.)

पलीकडून फिस्स असा आवाज आला. आमच्याकडे यालाच "घ्या घ्या" म्हणतात.

खोलीत कॅमेरा होता, पण त्याला चित्रच यायचं, आवाज नाही. माझा डबा आणि अकराची दुपारची वाटी एकाच वेळेची. आधी मी त्याला बोलवायचो, मग मोजा घालून भरवायचो, मग स्वतः खायचो. दोन महिने. चूक कळत नव्हती असं नाही. रोज ठरवायचो, उद्या नाही. आणि उद्या झाकणावर हात गेला की जीभ आपोआप पुढं. इतके दिवस मुक्यानं काढल्यावर दिवसातून एकदा कोणाला तरी जेवायला बोलावता येणं, हे किती गोड लागतं ते मी लिहू शकत नाही. मॅडमना बोललो नाही. आधी धीर झाला नाही, आणि नंतर फार उशीर झाला होता.

जूनमध्ये अकराला बाकीच्या गिधाडांच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. ते त्यांच्यात मिसळलं, त्यांच्याशी भांडलं, मार खाल्ला, मार दिला. मॅडम खूश. पुढं दोन वर्षांनी डोंगरात सोडायची गिधाडं निवडायची होती तेव्हा मॅडमनी अकराची कसून परीक्षा घेतली. माणूस जाळीजवळ नेऊन उभा केला, अकरानं पाठ फिरवली. दुसरा नेला, ते उडून वरच्या फांदीवर बसलं. पास. जेवायला कोणी बोलावलंच नव्हतं, मग नापास कसं होणार? मी कोपऱ्यात उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर अकराचा जन्म पिंजऱ्यात गेला असता, समोरच्या भागात, लोकांना दाखवायच्या पिंजऱ्यात. तीस वर्षं त्या पिंजऱ्यांसमोर मी उभा होतो. तिथं सकाळी सहाला काय दिसतं ते मला ठाऊक आहे. काहीच बदललेलं नसतं, ते दिसतं.

पहूरच्या वर अजिंठ्याचे कडे आहेत, तिथं सहा गिधाडं सोडली. प्रत्येकाच्या पाठीवर उन्हावर चालणारं एक यंत्र, त्यावरून ते कुठं आहे हे मॅडमना मोबाइलवर दिसायचं. महिनाभर सगळं ठीक. मग एके दिवशी मॅडमनी मला बोलावलं.

"दगाभाऊ, अकरा रोज दुपारी साडेबारा ते दीड एकाच जागी जमिनीवर उतरतोय. केळीच्या बागेत. तिथं मेलेलं जनावर नाही, काही नाही. गाव कुठलं माहीत आहे का तुम्हाला?"

त्यांनी नाव सांगितलं, आणि ते गाव मला चांगलंच माहीत होतं. एक तर ती माझी सासुरवाडी. दुसरं, साडेबारा ते दीड तिथं काय चालतं हे मला त्या मोबाइलपेक्षा जास्त माहीत होतं. केळी कापणारे दहा-बारा मजूर बांधावर बसून डबे सोडतात.

मी दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. सासरे, सगळे त्यांना आबा म्हणतात, ऐंशीच्या पुढचे, अजून रोज वावरात जाऊन बसतात. मला बघून खूश झाले.

"जवाईबुवा, तुमच्या खात्याचं पाखरू येते बाप्पा रोज आमच्याकडं. बठ्ठे जेवाले बसले, का तेबी येऊन बसते. दहा पावलांवर. कोनी भाकर टाकली तर खात नाही. नुसतं बसते, मान वाकडी करून."

"तुम्ही काय करता आबा?"

"काय करणार? 'जेवाले या' म्हनतो."

माझी बोली धुळ्याकडची, त्यांची जामनेरकडची. दहातले सहा शब्द वेगळे. 'जेवाले' हा मात्र तोच. कड्यावरून खाली कोणीतरी कोणालातरी जेवायला बोलावत होतं, आणि अकरा येत होतं. भाकरीसाठी नाही. त्याला बोलावलं म्हणून.

मी आबांना पडद्यामागचं सगळं सांगितलं. जगात पहिल्यांदा कोणाला सांगितलं. आणि विनंती केली, की आठ दिवस बांधावर कोणी कोणाला जेवायला बोलवायचं नाही.

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांना वावर विकायला सांगितलं.

"समोर मानूस बसेल, अन् त्याले विचारू नाही?"

"आठ दिवस आबा. ते पाखरू त्या बोलण्यावर येतं."

"मंग येऊ द्या. चार मानसं जेवतात तिथी पाचवं बसलं. त्यानं तुमचं काय खाल्लं?"

"त्याला माणसांची सवय लागली असं ठरलं, तर पकडून नेतील. आयुष्यभर पिंजरा."

आबांनी बांधावरचं एक ढेकूळ काठीनं फोडलं. मग म्हणाले, "बोलवाची सवय तुमीच लावली. आता न बोलवाची आमी लावायची." आणि उठून पाटाकडं गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मॅडमचं ठरलेलं होतं: मजुरांना बागेच्या पलीकडच्या टोकाला पाठवायचं, आणि अकराच्या ओळखीचा एक माणूस त्याच बांधावर त्याच वेळेला बसवायचा. पाखरू त्याच्याजवळ आलं, तर पकडायचं. जाळं जीपमध्ये होतं. ओळखीचा माणूस म्हणजे मी.

"तुम्ही नेहमीसारखे बसा," मॅडम म्हणाल्या. "डबा खा. मी लिंबाखाली दुर्बीण घेऊन आहे."

आबांना मात्र कोणी हलवू शकलं नाही. वावर त्यांचं. ते बांधावर माझ्यासमोर येऊन बसले, फडक्यात बांधलेली स्वतःची भाकरी मांडीवर ठेवून. सासूबाईंनी जावई आलाय म्हणून माझ्यासाठी वेगळा डबा पाठवला होता. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. तो माझ्यासमोर. रीत अशी, की पाहुण्यानं आधी बोलवायचं आणि झाकण उघडायचं, मग म्हाताऱ्यानं आपलं फडकं सोडायचं.

साडेबाराला अकरा आलं. आधी सावली आली, केळीच्या पानांवरून सरकत. मग ते बांधावर उतरलं, माझ्यापासून पंधरा पावलांवर. चार वर्षांनी एवढ्या जवळून बघत होतो. (मोजलं तर अडीच वर्षं. पण मला चार वाटली.) माझ्या मुठीत मावलेलं ते पिल्लू आता पंख पसरलं असतं तर माझ्या दारात मावलं नसतं. त्यानं पंख मिटले, मान तिरकी केली आणि वाट बघत बसलं.

समोर आबा. तेही वाट बघत बसलेले.

दोघं मिळून माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी झाकणावर हात ठेवला आणि जीभ पुढं आली. खरंच आली, दातांपर्यंत. मी ती दातांखाली धरली. झाकण काढलं. भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि खाल्लं. आबांच्या घरची भाकरी, आबांच्या वावरात, आबांच्या तोंडासमोर, आबांना न विचारता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. तो घास कुठं अडकला हे मी दाखवू शकतो, बोट ठेवून. दुसरा घास खाल्ला. तिसरा.

अकरानं दोन पावलं टाकली. थांबलं. मान या बाजूला, मग त्या बाजूला. त्याला काही कळत नव्हतं. जागा तीच, वेळ तीच, माणूस तोच, डबा उघडलेला, आणि बोलावणं नाही. मला त्याचा चेहरा वाचता येतो असं मी कधी म्हटलं तर सरळ खोटं समजा; गिधाडाच्या चेहऱ्यावर काही नसतं. पण त्या दिवशी होतं.

मी चौथा घास खाल्ला. आबांनी फडकं न सोडताच उचललं, काठी घेतली आणि उठून चालायला लागले. उपाशी. ऐंशी उलटलेला माणूस भर दुपारी आपल्याच बांधावरून उपाशी उठून गेला, आणि मी बसून खात होतो.

त्यांच्या हालचालीनं अकरा दचकलं. धावत चार उड्या मारल्या, पंख उघडले आणि वर गेलं. गरम हवा सापडली असावी. एक फेरा, दुसरा फेरा, मग कड्याच्या दिशेनं ठिपका.

मॅडमनी वहीत लिहिलं: पक्षी माणसाजवळ आला नाही.

जीपमध्ये दोघंच होतो. पहूर मागं पडल्यावर मॅडमनी गाडीचा वेग कमी केला. मग समोर बघतच म्हणाल्या, "दगाभाऊ, सहा वर्षं आपण एकत्र काम करतोय. तुम्ही मला विचारल्याशिवाय डबा उघडलेला मी आज पहिल्यांदा पाहिला. आबांनाही विचारलं नाहीत."

माझ्याकडं सांगायला गोष्ट होती, आणि मी रस्त्याकडेच्या केळी मोजत बसलो.

"मी जे दिसलं ते लिहिलंय," त्या म्हणाल्या. "जे दिसलं नाही त्याचं काय करायचं, मला कळत नाहीये." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि त्या बोळात उद्यापासून पाटी लागेल. इथं डबा खाऊ नये."

पाटी लागली. अजून आहे. नवीन रक्षक विचारतात, इथं का नाही, एवढं गार असतं. कोणी कारण सांगत नाही.

अकरा पुढचे काही दिवस साडेबाराला त्या बागेवर फेरे घालत राहिलं, उतरलं नाही. मग फेरेही थांबले. मग त्याचे ठिपके कड्यावर दिसायला लागले, दुसऱ्या गिधाडांच्या जवळ. मग पावसाळ्यात ठिपके बंद झाले. मॅडम म्हणतात, यंत्र गळून पडलं असेल, ते पडतंच. किंवा यंत्र नाही, पाखरूच पडलं असेल. दोन्ही सारखंच दिसतं, काहीच न दिसण्यासारखं. मी पेचात आहे. बोलावलं तेव्हा चुकलो हे मला ठाऊक आहे. बोलावलं नाही तेव्हा चुकलो की बरोबर होतो, हे अजून ठरत नाही. कड्यावर असेल तर मी त्याला सोडवलं. नसेल, तर मी एका भुकेल्याला दारातून परत पाठवलं. माणसांमागं न येणारं गिधाड तयार करण्यासाठी एवढा खटाटोप करणारं प्राणिसंग्रहालय बरोबर, की चार माणसांत पाचव्याला बसू देणारे आबा, हेही ठरत नाही. निवृत्त झालोय, वेळ भरपूर आहे, विचार करतो आणि दुपारी झोप लागते.

एवढं मात्र सांगतो, मग थांबतो. परवा सासुरवाडीला गेलो. बांधावरच्या त्या दिवसानंतर आबा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "आबा, कारण तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," आबा म्हणाले. "पन भाकर माझ्या घरची होती."

तेवढ्यात शोभानं त्यांचं ताट आणून ठेवलं. माझं पान अजून वाढलं नव्हतं. आबा बोलावतील मग वाढायचं, अशी त्या घरातली पद्धत. आबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. माझ्याकडं बघितलं. आणि भाकरी मोडून खायला सुरुवात केली.

बोलावलं नाही.

एक घास. दुसरा. सावकाश चावत होते. घरात कोणी हललं नाही. मला उठून जावं असं वाटलं, आणि बसून राहावं असंही. जागा तीच, माणूस तोच, ताट समोर. काय चाललंय ते कळत होतं आणि कळतही नव्हतं.

चौथ्या घासानंतर आबा म्हणाले, "या जेवाले."

शोभा नंतर हसून हसून सांगत होती, की तोपर्यंत मी मान पुरती तिरकी करून बसलो होतो. यातलं अर्धं काढू का, असं मी तिला विचारलं. नको म्हणाली.